विणलेली मोटार

मोटारींच्या शर्यतीवर एका कवीने काय बोलावे, असे आपल्याला वाटेल. मी जन्मभर एसटीने आणि पॅसेंजर गाडीने फिरलेला माणूस. पण एका मोटारीचा सांगाडा लोखंडाचा नाही, अ‍ॅल्युमिनियमचाही नाही, तर चक्क विणलेल्या कापडाचा आहे, असे वाचले आणि माझे कान टवकारले.

‘मॅक्लारेन एफ वन’ ही ती मोटार. इंग्लंडमधल्या वोकिंग इथे १९९२ ते १९९८ या काळात तिचे अवघे १०६ नग तयार झाले.

कापड कसले म्हणाल? थंडीत आपण अ‍ॅक्रिलिकचे स्वेटर घालतो, त्याच घराण्यातला धागा. प्राणवायू लागू न देता तो हजार अंशांच्या वर तापवला, की त्याची राख होत नाही; बहुतेक कार्बन तेवढा उरतो. केसाहून बारीक असे हे तंतू. त्यांचा ताणाबाणा मागावर विणायचा, कापड राळेत भिजवायचे, साच्यात थरावर थर बसवायचे आणि दाबाखाली भट्टीत भाजायचे. जे तयार होते ते पोलादाहून कितीतरी हलके, आणि तरीही ताठ.

शर्यतीच्या गाडीचा सगळा सांगाडा असा करण्याचे धाडस १९८१ मध्ये मॅक्लारेनच्या जॉन बर्नार्ड यांनी केले. धडक बसली तर याचा चुरा होईल, अशी शंका जाणकारांनाच होती. त्याच वर्षी इटलीत मोंझाला जॉन वॉटसन यांची गाडी कठड्यावर आदळली. इंजिन तुटून वेगळे झाले. वॉटसन मात्र आपल्या पायांनी बाहेर आले. शंकेला याहून चोख उत्तर कुठले?

पुढे दक्षिण आफ्रिकेतल्या दरबानमध्ये जन्मलेल्या गॉर्डन मरे यांनी तेच कापड रस्त्यावरच्या मोटारीत आणले. चालक मधोमध, दोन्ही बाजूंना जरा मागे एकेक प्रवासी. बीएमडब्ल्यूच्या पॉल रोशे यांनी दिलेले बारा सिलिंडरचे इंजिन. त्याची धग परतवण्यासाठी भोवती सोन्याचा वर्ख. मिठाईवर वर्ख आपण पाहिला आहे. इंजिनाला तो लावावा, हे सुचणाऱ्याला माझा सलाम.

ही गाडी शर्यतीत उतरवायची नाही, असे मरे यांचे मत होते. पण काही श्रीमंत ग्राहक हट्टाला पेटले आणि १९९५ साठी ‘जीटीआर’ हा शर्यतीचा अवतार निघाला. गंमत अशी, की नियमानुसार इंजिनाची हवा रोखावी लागल्याने त्याची ताकद रस्त्यावरच्या गाडीपेक्षा कमी! ती ६२७ अश्वशक्तीची, हा सुमारे ६०० चा.

त्या जूनमध्ये फ्रान्सच्या ल मां इथे चोवीस तासांच्या शर्यतीत सात मॅक्लारेन उतरल्या. खास शर्यतीसाठीच घडवलेल्या गाड्या समोर होत्या. पाऊस सुरू झाला तो तासन्‌तास थांबेना. निसरड्या रस्त्यावर नुसत्या ताकदीचे फारसे चालेना. रात्रीच्या अंधारात फिनलंडचे जे. जे. लेटो यांनी ५९ क्रमांकाची गाडी अशी काही हाकली, की बघणारे आजही तिची आठवण काढतात. फ्रान्सचे यानिक दालमास आणि जपानचे मासानोरी सेकिया त्यांचे जोडीदार. या त्रयीने २९८ फेऱ्या घालून शर्यत जिंकली. ल मां जिंकणारे सेकिया हे पहिले जपानी.

माझा जीव मात्र दुसऱ्याच गाडीत अडकतो. तिच्यात त्रेपन्न वर्षांचे डेरेक बेल आणि त्यांचा मुलगा जस्टिन, सोबत अँडी वॉलेस. डेरेक ही शर्यत पूर्वी पाचदा जिंकलेले. पोराबरोबर सहावी जिंकायची संधी अगदी हाताशी आली होती. त्यांची गाडी आघाडीवर होती. अखेरच्या तासांत क्लचने दगा दिला. बापलेक तिसरे आले.

दोनच वर्षांत वारे फिरले. इतर कंपन्या आधी शर्यतीची गाडी करू लागल्या आणि नियमापुरत्या चार गाड्या रस्त्यावर आणू लागल्या. मॅक्लारेननेही १९९७ मध्ये लांब शेपटीची जीटीआर काढली आणि तिच्यासाठी रस्त्यावर चालणाऱ्या तशाच तीन गाड्या बनवल्या. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या लिलावात रस्त्यावरची एक एफ वन दोन कोटी डॉलरच्या वर गेली. जेमतेम चारशे किलोमीटर चाललेली होती ती!