झाडीपट्टीचं नाटक लाइव्ह दाखवायचंय? व्हिडिओ स्विचर असा लावा

धान कापून झालं आणि दिवाळी सरली, की भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत मंडई भरू लागतात आणि त्यांच्यासोबत नाटकांचा हंगामही सुरू होतो. गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा म्हणजे देसाईगंज, हे या झाडीपट्टी रंगभूमीचं माहेरघर. याच रंगभूमीवरचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री जाहीर झाली. नाटक रात्री उभं राहतं आणि पहाटेपर्यंत चालतं. कामासाठी पुण्या-नागपूरला गेलेली गावची मुलं मात्र दरवर्षी एकच विचारतात, "लाइव्ह दाखवणार का?"

एक मोबाइल खांबाला बांधून लाइव्ह करता येतं, पण त्यात नटाचा चेहरा दिसत नाही. दोन-तीन कॅमेरे लावायचे आणि कोणत्या क्षणी कोणता दाखवायचा हे बटणाने ठरवायचं, तर त्यासाठी लागतो व्हिडिओ स्विचर.

स्विचर नेमकं काय करतो?

सगळ्या कॅमेऱ्यांच्या वायरी या एका डब्यात येतात आणि बाहेर एकच चित्र जातं. बाहेर जाणाऱ्या चित्राला 'प्रोग्राम' म्हणतात. पुढे कोणतं घ्यायचं ते ज्यात आधी बघून ठेवतो तो 'प्रीव्ह्यू'. लहान कामासाठी ब्लॅकमॅजिकचा एटीईएम मिनी हा स्विचर बराच वापरला जातो. त्यात चार एचडीएमआय इनपुट असतात. त्याच घरातला 'मिनी प्रो' रेकॉर्डिंगही करतो, थेट यूट्यूबला चित्रही पाठवतो आणि चारही कॅमेरे एका टीव्हीवर एकत्र दाखवतो. साधा 'मिनी' घेतला तर रेकॉर्डिंग आणि लाइव्हसाठी लॅपटॉप जोडावा लागतो. रात्रभराच्या नाटकाला जेवढी यंत्रं कमी तेवढं बरं, म्हणून जमत असेल तर प्रोच घ्यावा.

कॅमेरे

सगळे कॅमेरे १०८०पी, २५ किंवा ५० फ्रेमवर ठेवा. या स्विचरला फोर-के चालत नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ३० फ्रेमवर दिव्यांच्या उजेडात चित्रावर पट्टे फिरताना दिसू शकतात. शटर १/५० ठेवा. रंगीत लाइट सतत बदलतात, म्हणून व्हाइट बॅलन्स ऑटोवर सोडू नका. सगळ्या कॅमेऱ्यांत हाताने एकच आकडा द्या. कॅमेऱ्याच्या मेनूतून एचडीएमआयवरची अक्षरं बंद करा, नाहीतर बॅटरीचं चिन्हही लाइव्ह जातं. आपोआप बंद होण्याची सोयही काढून टाका.

दोन कॅमेरे पुरतात. एक मधोमध, पूर्ण स्टेज दिसेल असा, आणि त्याला कोणी हात लावायचा नाही. दुसरा बाजूने, जवळच्या चेहऱ्यांसाठी. साधी एचडीएमआय वायर दहा-पंधरा मीटरच्या पुढे भरवशाची राहत नाही, तेव्हा लांबच्या कॅमेऱ्याला फायबरची एचडीएमआय वायर लागते. वायर प्रेक्षकांच्या पायाखालून नेऊ नका. पहाटे चहाला उठणारा माणूस खाली बघत नाही.

आवाज: खरी परीक्षा इथे

चित्र थोडं अंधारं असलं तरी लोक बघतात, संवाद ऐकू आला नाही तर बंद करतात. कॅमेऱ्याच्या माइकला जनरेटर आणि मागे बसलेली पोरं जास्त ऐकू येतात. म्हणून साउंडवाल्या भावाला संध्याकाळीच भेटा आणि त्याच्या मिक्सरच्या 'रेक' किंवा 'ऑक्स' आउटमधून एक वायर स्विचरच्या माइक जॅकला आणा. सॉफ्टवेअरमध्ये तो इनपुट 'माइक'वरून 'लाइन' करायचा. हे राहिलं की आवाज फाटतो. कॅमेऱ्यांचे आवाज बंद करा. ते 'एएफव्ही'वर राहिले तर कॅमेरा बदलला की आवाजही बदलतो. फक्त मधल्या कॅमेऱ्याचा आवाज अगदी बारीक चालू ठेवा, हशा आणि टाळ्या त्यातूनच येतात.

आणखी एक गोष्ट. वायरीतून आवाज लगेच येतो, चित्र मात्र कॅमेरा आणि स्विचरमधून काही फ्रेम उशिरा. स्टेजवर एकाला टाळी वाजवायला सांगा, रेकॉर्डिंग बघा, आणि ऑडिओच्या पानावर त्या इनपुटला तेवढा डिले द्या. प्रोला हेडफोनचा जॅक नाही. हेडफोन लागेल असा मॉनिटर एचडीएमआय आउटला जोडून ऐकत राहा.

वीज

स्विचर अडॅप्टरवर चालतो आणि त्यात बॅटरी नसते. लाइनवरून जनरेटरवर जाताना क्षणभर वीज गेली तरी तो बंद पडतो, परत सुरू होताना मूळ सेटिंगवर येतो. म्हणून सगळं जुळलं की फाइल मेनूतून 'सेव्ह स्टार्टअप स्टेट' करा. स्विचर आणि राउटर लहानशा यूपीएसवर घ्या, लाइट आणि अॅम्प्लिफायर त्यावर नको.

इंटरनेट शेवटी

५ एमबीपीएसने लाइव्ह केलं तर तासाला सव्वादोन जीबी डेटा जातो, सहा तासांच्या नाटकाला साडेतेरा. अपलोडचा वेग याच्या दुप्पट तरी हवा, आणि तो दुपारी नव्हे, गर्दी जमल्यावर मोजायचा. जंगलपट्टीतल्या कित्येक गावांत तो मिळणार नाही. मग हट्ट करू नका. यूएसबी-सी डिस्क 'एक्सफॅट'मध्ये फॉरमॅट करून रेकॉर्डिंग आधी सुरू करा, लाइव्ह नंतर. नेट गेलं तरी नाटक हातात राहतं, दुसऱ्या दिवशी वडशाला जाऊन चढवता येतं. नव्या चॅनेलवर यूट्यूबचं लाइव्ह सुरू व्हायला २४ तास लागू शकतात, तेव्हा अर्ज दोन दिवस आधीच करा.

परवानगी घेतली का?

एकच नाटक मंडळी हंगामभर गावोगाव करतात आणि पोट तिकिटावर असतं. पूर्ण नाटक फुकट लाइव्ह गेलं तर पुढच्या गावचा गल्ला कमी होऊ शकतो. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार नाटकावर लेखकाचा आणि सादरीकरणावर कलावंताचा हक्क आहे, त्यामुळे मंडळाने बोलावलं म्हणून चित्रीकरणाची मुभा मिळाली असं होत नाही. नाट्यमंडळाच्या मालकांशी आधी बोला आणि कागदावर लिहून घ्या. बऱ्याचदा मधला मार्ग निघतो: पहिला अंक लाइव्ह, बाकीचं रेकॉर्डिंग मंडळाकडे, आणि हंगाम संपला की पूर्ण नाटक चॅनेलवर. मध्ये सिनेमाची गाणी असतील तर तेवढा वेळ लाइव्हचा आवाज खाली घ्या. यूट्यूबची यंत्रणा गाणं ओळखते आणि चालू प्रक्षेपणही थांबवू शकते. डिस्कवरच्या रेकॉर्डिंगमध्येही तेवढा आवाज कमी जाईल, म्हणून साउंडवाल्याला पेनड्राइव्हवर वेगळं रेकॉर्डिंग लावायला सांगून ठेवा.