वैद्यविद्येचा उंबरठा

वसईजवळच्या सांडोर गांवांतील एखाद्या बागाईतदाराच्या मुलास डॉक्टर व्हावेसें वाटलें, तर आज त्याला ‘नीट’ ही परीक्षा द्यावी लागते. प्रश्न 180, गुण 720, आणि चुकलेल्या प्रत्येक उत्तरास एक गुण वजा. परंतु या परीक्षेच्या आधींपासून वैद्यविद्येच्या दाराशीं एक उंबरठा आहे. तो भाषेचा.

सन 1826 मध्यें डॉ. मॅक्लेनन यांच्या देखरेखीखालीं मुंबईंत एतद्देशीय तरुणांसाठीं वैद्यकशाळा निघाली. तेथें अध्यापन देशभाषांतून चाले. सरकारनें ती 1832 सालीं बंद केली. मराठींतून वैद्यक शिकविण्याचा तो प्रयोग अर्ध्यावरच राहिला. पुढें 1845 त ग्रँट मेडिकल कॉलेज उघडलें, तें इंग्रजी माध्यमाचें. ज्याला इंग्रजी व्याख्यान समजे, त्यालाच तेथें थारा. भाऊ दाजी लाड मूळचे गोव्याचे. पण मुंबईस एल्फिन्स्टन संस्थेंत शिकून व शिकवून ते या पहिल्या तुकडींत दाखल झाले. सन 1851 मध्यें जे आठ जण उत्तीर्ण झाले, त्यांत ते होते, आत्माराम पांडुरंग होते, आणि लिस्बोआ, गोम्स अशीं ख्रिस्ती नांवेंही होतीं. अशा वळणाचीं आडनांवें सांडोरलाही होतींच. परंतु तेथील घरांची बोली मराठी, आणि आगगाडी वसईस आली ती 1864 त. तोंवर मुंबईची शाळा खाडीपलीकडे राहिली.

मुंबई विद्यापीठ 1857 त स्थापन झालें. त्याची पहिली प्रवेशपरीक्षा 1859 मध्यें झाली, आणि मॅट्रिक हीच मग कॉलेजची वाट ठरली. स्वातंत्र्यानंतर इंटर सायन्सचे, पुढें बारावीचे गुण पाहिले जात. मग राज्याची सीईटी आली.

सन 2016 च्या एप्रिलअखेर सर्वोच्च न्यायालयानें ‘नीट’ सक्तीची केली. राज्याची सीईटी तेव्हां अवघ्या आठवड्यावर आली होती! मुलांनीं वर्षभर एक पुस्तक घोकावें आणि परीक्षेच्या तोंडावर तें बदलावें, याला न्याय म्हणणें कठीण. मे महिन्यांतील वटहुकुमानें राज्याच्या सरकारी जागांपुरती एका वर्षाची सूट मिळाली.

सन 2017 च्या ‘नीट’चे प्रश्न मराठीसह दहा भाषांत निघाले. सांडोरच्या मुलाला आतां प्रश्न मराठींत वाचतां येतो; उत्तीर्ण होऊन तो कॉलेजांत गेला, कीं शरीररचनेचें पहिलें व्याख्यान मात्र इंग्रजींतच ऐकतो.