वैनगंगेचा मोगली : आधी पडदा की आधी पुस्तक?

एखाद्या पुस्तकमालिकेवर वेबसिरीज येणार अशी बातमी आली की दोन तट पडतात. एक म्हणतो, आधी सगळे भाग वाचून काढा, मगच बघा. दुसरा म्हणतो, एवढा वेळ कोणाला आहे, बघून घ्या, आवडलं तर वाचा. हा वाद नवा वाटतो, पण आमच्या गोंदिया जिल्ह्यात तो कधीच निकालात निघालेला आहे आणि तोही कोणाला न विचारता. आमच्या सगळ्यांचा मोगली आधी पडद्यावर आला. पुस्तक नंतर आलं. बहुतेकांकडे तर आलंच नाही.

यात विशेष काय? मोगली जगभरच्या मुलांना पडद्यावरच भेटतो. विशेष हे की जगभरच्या मुलांच्या गावाशेजारून वैनगंगा वाहत नाही. आमच्या वाहते.

नकाशा उघडा. गोंदिया शहराजवळ, कामठ्याच्या बाजूला बिरसी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी तिथे धावपट्टी बांधली आणि मार्च २०२२ पासून तिथून प्रवासी विमानसेवा सुरू झाली. बिरसीहून उत्तरेकडे बोट सरकवलं की बालाघाट लागतं आणि त्यापुढे सिवनी. वैनगंगा सिवनी जिल्ह्यात उगम पावते, बालाघाटमधून खाली येते, आमच्या जिल्ह्याच्या कडेने भंडाऱ्याकडे जाते. वाटेत तिला मिळणाऱ्या एका नदीचं नावच वाघ नदी आहे. आता 'जंगल बुक'चं पहिलं पान उघडा. गोष्ट सुरू होते सिवनीच्या टेकड्यांत, एका उकाड्याच्या संध्याकाळी. आणि शेरखानचा पत्ता काय? वैनगंगेच्या काठी, वीस मैलांवर.

आज मध्ये राज्याची सीमा आहे, म्हणून सिवनी 'तिकडचं' वाटतं. किपलिंगने गोष्टी लिहिल्या तेव्हा सिवनी, बालाघाट आणि भंडारा हे तिन्ही जिल्हे मध्य प्रांतात होते आणि प्रांताची राजधानी नागपूर होती. गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होतं. वेगळा जिल्हा झाला १९९९ मध्ये. म्हणजे मोगली हा आपल्याच प्रांतातला पोरगा. तरी आपल्याला तो परका होऊन, डबिंग होऊन भेटला. हे कसं झालं, हाच या लेखाचा विषय.

आधी लेखक. रुडयार्ड किपलिंगचा जन्म ३० डिसेंबर १८६५ चा, मुंबईचा. वडील जॉन लॉकवुड किपलिंग जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवत. मोगलीच्या गोष्टी मात्र त्याने अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात राहून लिहिल्या. सिवनीला तो कधी गेला नव्हता. तिथलं जंगल त्याने मुख्यतः रॉबर्ट आर्मिटेज स्टर्नडेल या अधिकाऱ्याच्या १८७७ मधल्या सिवनीवरच्या पुस्तकातून घेतलं. 'मोगली' हे नावही त्याने मनानेच बनवलं. गोष्टीत त्याचा अर्थ बेडूक असा सांगितलाय, पण तसा अर्थ कुठल्या भाषेत असल्याचं आपल्याला माहीत नाही, असं नंतर त्यानेच स्पष्ट केलं.

आता क्रमाची गंमत बघा. 'आधी सगळं क्रमाने वाचा' म्हणणाऱ्यांची इथे पंचाईत होते, कारण क्रम लेखकानेच मोडलाय. मोगलीची छापून आलेली पहिली गोष्ट 'इन द रुख', १८९३ ची. त्यात मोगली तरणाबांड गडी आहे, एका इंग्रज वनाधिकाऱ्याला भेटतो, वनखात्यात नोकरीला लागतो आणि लग्नही करतो. म्हणजे शेवट आधी! त्यानंतर १८९४ मध्ये 'जंगल बुक' आणि १८९५ मध्ये 'सेकंड जंगल बुक'. पहिल्या पुस्तकातल्या सात गोष्टींपैकी फक्त तीन मोगलीच्या आहेत. दुसऱ्यातल्या आठपैकी पाच. थोडक्यात, मोगलीचा मोठा हिस्सा दुसऱ्या पुस्तकात आहे. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग पडदा. १९३७ मध्ये किपलिंगच्याच हत्तीच्या गोष्टीवरून 'एलिफंट बॉय' हा सिनेमा आला आणि म्हैसूरकडच्या एका माहुताचा मुलगा, साबू, जगभर प्रसिद्ध झाला. १९४२ च्या 'जंगल बुक'मध्ये तोच मोगली होता. १९६७ मध्ये डिस्नेचा कार्टूनपट आला. त्याबद्दलचा एक किस्सा आपल्या वादाच्या मुळाशीच जातो: वॉल्ट डिस्नेने कथा लिहिणाऱ्या लॅरी क्लेमन्सच्या हातात पुस्तक दिलं आणि बजावलं, की पहिलं काम म्हणजे हे वाचायचं नाही. आधी बघावं की आधी वाचावं यावर आपण भांडतो आणि इकडे सिनेमा लिहिणाऱ्यालाच न वाचण्याची सूचना!

१९८९ मध्ये जपानच्या निप्पॉन ॲनिमेशनने ५२ भागांची मालिका केली. तीच हिंदीत डब होऊन नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर आली. शीर्षकगीत गुलजारांचं, संगीत विशाल भारद्वाजचं, शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा. त्या पिढीला रविवार सकाळ म्हटलं की ते गाणंच आठवतं. मी त्यानंतरचा, पण गाणं मलाही पाठ आहे. मग २०१६ मध्ये जॉन फॅवरोचा सिनेमा आला, अमेरिकेच्या आठवडाभर आधी भारतात. हिंदीत शेरखान पुन्हा नाना. या सिनेमातलं अख्खं जंगल लॉस एंजेलिसमधल्या स्टुडिओत आणि काँप्युटरवर घडवलेलं. मी सॉफ्टवेअरवालाच, त्यामुळे त्यामागचं काम बघून टोपी काढतो. पण वैनगंगेच्या काठचं एकही खरं पान त्यात नाही, हेही तितकंच खरं.

तर, आधी पडदा पाहिल्याने नुकसान काय झालं?

पहिलं नुकसान सगळ्यांना माहीत असतं: पात्रं बदललेली. डिस्नेने 'का' अजगराला खलनायक केलं. पुस्तकात तो मोगलीला माकडांच्या तावडीतून सोडवणारा दोस्त आहे. सिनेमातला माकडांचा राजा लुई पुस्तकात नाहीच, कारण माकडांना पुढारी नसतो, कायदा नसतो, हेच तर किपलिंगला सांगायचंय. शेरखान पुस्तकात जन्मापासून लंगडा आहे, त्याची आईच त्याला 'लंगडी' म्हणायची. त्याचा मृत्यू आगीने होत नाही. मोगली गावातल्या म्हशींचा कळप दोन बाजूंनी घळीत घुसवतो आणि वाघ त्यांच्या खुरांखाली चिरडला जातो. गुराख्याच्या पोराला सुचेल अशी युक्ती! पण हे नुकसान भरून निघणारं आहे. पुस्तक वाचलं की दुरुस्ती होते, उलट फरक शोधण्यात मजा येते. सस्पेन्स फुटतो म्हणावं तर तोही फारसा नाही. शेरखान मरणार हे चार वर्षांच्या पोरालाही कळतं.

दुसरं नुकसान मोठं. पडदा पाहून आपल्याला वाटतं, गोष्ट कळली. शेरखान मेला, संपलं. पण शेरखान पहिल्या पुस्तकातच मरतो. दुसरं उघडायची गरजच वाटत नाही. आणि आपलं जे काही आहे, ते त्या दुसऱ्या पुस्तकात आहे.

त्यातली पहिली गोष्ट दुष्काळाची. पाऊस हुलकावणी देतो आणि बल्लूचा आवडता मोह फुलत नाही. फुलं उमलण्याआधीच उन्हाने करपतात. ज्याने मार्च-एप्रिलमध्ये पहाटे टोपली घेऊन मोहफुलं वेचणारी माणसं पाहिलीत, त्याला या एका तपशिलाची किंमत कळेल. मग वैनगंगेत पाण्याची जेमतेम धार उरते, मधला खडक उघडा पडतो आणि हत्ती पाण्याचा तह जाहीर करतो: काठावर कोणी शिकार करायची नाही. २०१६ च्या सिनेमाने हा खडक घेतला. मोह नाही घेतला.

'रेड डॉग' ही तर माझ्या मते मोगलीची सर्वात थरारक गोष्ट. दक्षिणेतून, दख्खनमधून रानकुत्र्यांची प्रचंड टोळी सिवनीवर चाल करून येते. वाघसुद्धा ज्यांना वाट देतो ती ही टोळी. मोगली त्यांना चिडवत वैनगंगेच्या घळीपर्यंत आणतो, कड्यावरच्या मधमाश्या उठवतो आणि नदीत उडी घेतो. या लढाईत म्हातारा अकेला मरतो. दख्खनमधून सिवनीकडे जाणारी वाट नकाशावर शोधली तर आपल्या भागातून जाऊ शकते आणि रानकुत्री आजही नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलात आहेत. डिस्नेच्या दोन्ही मोठ्या सिनेमांत ही गोष्ट नाही.

आणि तिसरी, 'लेटिंग इन द जंगल'. मोगलीला सांभाळणाऱ्या मेसुआला गावकरी चेटकीण ठरवून जाळायला निघतात. मोगली तिला सोडवतो आणि हत्तींकडून गावाची शेतं, घरं उद्ध्वस्त करवतो. घाबरलेले गावकरी सल्ला विचारतात तो जवळच्या जंगलातल्या गोंडांच्या मुखियाला. तो वाद घालत नाही. कडू कारल्याचा वेल तोडतो, देवळाच्या दारावर आडवातिडवा बांधतो आणि कान्हीवाड्याच्या रस्त्याकडे हात करतो. निघा, आता इथे जंगल येणार. मोगलीच्या गोष्टीत गोंड माणूस आहे आणि जंगलाचं म्हणणं गावाला तोच समजावतो. गोंदियाच्या किती पोरांना हे माहीत आहे? पडद्यावरच्या जंगलात वाघ आहे, अस्वल आहे, राजा लुईसुद्धा आहे. गोंड नाही.

अर्थात पुस्तक म्हणजे गंगाजल नव्हे. किपलिंग साम्राज्याचा माणूस. त्याच गोष्टीत मेसुआला न्याय हवा तर कान्हीवाड्याच्या इंग्रजांकडे जावं लागतं, आणि मोगलीचा शेवट होतो सरकारी वनखात्याच्या नोकरीत. गोंडांकडे तो कौतुकाने पण वरूनच बघतो. शिवाय न पाहिलेलं जंगल त्याने दुसऱ्याच्या पुस्तकावरून उभं केलं, म्हणजे एका अर्थी 'जंगल बुक' हेसुद्धा रूपांतरच. म्हणून वाचन तिथेही थांबू नये. व्यंकटेश माडगूळकरांचं 'नागझिरा' आहे, मारुती चितमपल्लींचं 'नवेगावबांधचे दिवस' आहे. चितमपल्ली तर वनखात्यातलेच अधिकारी. किपलिंगने मोगलीला जी नोकरी कल्पनेत दिली, त्या खात्यातल्या माणसाने खरं जंगल मराठीत लिहून ठेवलंय.

मग आधी काय? मराठीतली दोन उदाहरणं घेऊ. 'सिंहासन' हा १९७९ चा सिनेमा अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्या एकत्र करून बेतलेला, पटकथा तेंडुलकरांची. तिथे सत्तेच्या डावपेचात पुढे काय होणार, ही उत्सुकताच वाचकाला ओढत नेते. म्हणून कादंबऱ्या आधी वाचाव्यात. उलट २०१७ चा 'फास्टर फेणे' भा. रा. भागवतांच्या नायकाला मोठा करून नवीच गोष्ट सांगतो. तो कधीही बघा, पुस्तकांचं काही बिघडत नाही. म्हणजे नियम सरसकट नाही. पुस्तक कशावर चालतं ते बघायचं. रहस्यावर चालत असेल तर आधी वाचा. माणसांवर, जागेवर, भाषेवर चालत असेल तर आधी बघितलं म्हणून आभाळ कोसळत नाही.

मोगली जागेवर चालतो. त्यामुळे ज्यांनी आधी पाहिला त्यांनी काही गमावलेलं नाही. त्या जपानी मालिकेशिवाय आणि नानांच्या आवाजाशिवाय हे नाव आमच्या घराघरांत आलंच नसतं. चूक क्रमात नाही, थांबण्यात आहे. पाहिलं म्हणजे झालं, असं समजून आपण दुसरं पुस्तक सोडून दिलं आणि त्याच्यासोबत आपली नदी, आपला मोह आणि आपला गोंड मुखियाही सोडून दिला.

हे नुसतं साहित्याचं नुकसान नाही. मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी नागझिऱ्यात आणून सोडल्या. वाघ परत येतोय, शेतं आणि जंगल पुन्हा एकमेकांना भिडतायत. जंगल गावात शिरतं तेव्हा काय होतं, ही आमच्यासाठी फँटसी नाही, गावच्या चावडीवरची चर्चा आहे. त्या चर्चेत बसणाऱ्या पोराच्या डोक्यात फक्त नाचणारं अस्वल असणं आणि कारल्याचा वेल बांधणारा माणूसही असणं, यात फरक आहे.

'सेकंड जंगल बुक'चा कॉपीराइट कधीच संपलाय. प्रोजेक्ट गुटेनबर्गवर ते फुकट मिळतं, मोबाइलवर उघडतं. इंग्रजी जुनं आहे, थोडं अडखळायला होईल. शोधाच्या चौकटीत 'वैनगंगा' इंग्रजीत टाका, म्हणजे शेवटी 'गंगा' नाही, 'गुंगा'. किपलिंगचं स्पेलिंग तसंच आहे. मग एकेका ठिकाणी थांबत वाचा.