खरूज, टाचणी आणि गाळलेली चार अक्षरं

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मोती नावाचा एक कुत्रा आहे. मालक कोणीच नाही, म्हणजे सगळेच. मध्यंतरी त्याच्या कानांच्या कडा आणि कोपरं सोलल्यासारखी दिसायला लागली, केस गेले, रात्रभर खाजवणं चालू. वॉचमनकाका म्हणाले, "गाडीचं जळकं ऑइल चोपडा, आमच्या गावाकडं तेच करतात." नशीब, मी आधी डॉक्टरांकडे गेलो. कुत्रा ते ऑइल चाटतो आणि विष पोटात जातं, हे मला तिथे कळलं.

डॉक्टरांनी मोतीच्या कानाची कड बोटांत धरून चोळली. त्याबरोबर त्याचा मागचा पाय आपोआप खाजवल्यासारखा हलायला लागला. "खरूज असण्याची शक्यता दाट," डॉक्टर म्हणाले. मग ब्लेडने कातडी जराशी खरवडून, तेलाच्या थेंबात टाकून मायक्रोस्कोपखाली बघितली. हा किडा खरवडीत पुष्कळदा सापडतच नाही, तेव्हा लक्षणांवरूनच औषध देतात. आम्हाला मात्र सापडला. आठ पायांचं, गोल पोटाचं एक ध्यान. माझ्या मनगटावर पुरळ का आलं होतं, तेही तेव्हाच समजलं :) कुत्र्याचा हा किडा माणसाला चावतो, पण आपल्या अंगावर त्याचा वंश फार टिकत नाही.

विकएंडला वाचत बसलो तर एक मोठीच गोष्ट सापडली. १६८७ साली इटलीत बोनोमो नावाचा डॉक्टर आणि चेस्तोनी नावाचा औषधविक्या यांनी हाच किडा मायक्रोस्कोपखाली पाहिला. कल्पना कुठून आली? लिव्होर्नो शहरातल्या गरीब बायका आपल्या पोरांच्या खरजेतून टाचणीने काहीतरी बारीक पांढरं काढायच्या, त्यावरून. दोघांनी किड्याची चित्रं काढली, त्याला अंडं घालताना पाहिलं आणि रेदी या शास्त्रज्ञाला पत्र लिहून कळवलं की खरजेचं कारण हाच किडा.

आणि मग काय झालं? काहीच नाही! खरूज म्हणजे बिघडलेलं रक्त, असंच मोठमोठे वैद्य म्हणत राहिले. १८१२ मध्ये पॅरिसच्या गालेसने किडा सापडल्याचं जाहीर केलं, पण त्याचं चित्र निघालं चीजमधल्या किड्याचं. शेवटी १८३४ मध्ये कॉर्सिका बेटावरच्या रेनुची नावाच्या विद्यार्थ्याने पॅरिसच्या सेंट लुई हॉस्पिटलमध्ये सगळ्यांसमोर सुईने किडा काढून दाखवला. ही युक्ती तो शिकला होता आपल्या गावच्या बायकांकडून. म्हणजे बायकांना माहीत असलेली गोष्ट डॉक्टरांना पटायला जवळजवळ दीडशे वर्षं लागली. आमच्याकडे टेस्टरने दाखवलेला बग डेव्हलपर मान्य करत नाही, त्यातलाच प्रकार.

असो. मोतीला आयव्हरमेक्टिन दिलं. त्याचं मूळ जपानच्या इतो शहराजवळ, एका गोल्फ कोर्सच्या बाजूच्या मातीत आहे. सातोशी ओमुरा यांनी १९७०च्या दशकात त्या मातीतला जिवाणू वेगळा केला, अमेरिकेत विल्यम कॅम्पबेल यांच्या टीमने त्यातून औषध शोधलं आणि १९८१ मध्ये ते जनावरांसाठी बाजारात आलं. २०१५ मध्ये दोघांनाही नोबेल मिळालं. मोती सहा आठवड्यांत चकाचक झाला.

आता खरी गोष्ट. मोतीचे फोटो बघून एका मित्राचा फोन आला. "अरे, आमच्या कोलीला पण खाज सुटलीये. उरलंय का ते औषध?" मी म्हटलं, "आहे की, येऊन घेऊन जा." डोससुद्धा वजनाच्या हिशोबाने काढून दिला, एक्सेलमध्ये! त्याने सहज म्हणून आमच्याच डॉक्टरांना फोन केला. ते जवळजवळ ओरडलेच, "कोली आहे? अजिबात देऊ नका!"

कोलींना आयव्हरमेक्टिन सोसत नाही, हे १९८०च्या दशकातच लक्षात आलं होतं. कारण कळलं २००१ मध्ये, अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत. मेंदूच्या रक्तवाहिन्यांमध्ये नको ती रसायनं बाहेर ढकलणारा एक पंप असतो. त्या पंपाच्या जनुकात बऱ्याच कोलींमध्ये चार अक्षरं गळलेली असतात. जनुक तीन-तीन अक्षरांनी वाचलं जातं. तीन गळली असती तर एखादा शब्द गेला असता. चार गळली की पुढचं सगळं वाचनच सरकतं. पंप अर्धवटच तयार होतो, औषध मेंदूत साठतं, कुत्रा थरथरतो, आंधळा होतो, कोमात जातो. हार्टवर्म टाळायला किलोमागे ६ मायक्रोग्रॅम लागतात, ते बहुतेक कोलींना चालतं. खरजेला लागतात २०० किंवा त्याहून जास्त.

२००४ मध्ये संशोधकांनी या बगचा माग काढला. तो आला ब्रिटनमधल्या एकाच पूर्वज कुत्र्याकडून, १८७३च्या सुमारास जातींच्या नोंदी सुरू होण्याआधी. दीडशे वर्षांचा लेगसी कोड, अजून प्रॉडक्शनमध्ये!

मित्राच्या कोलीला खरूज नव्हतीच. फंगस होतं, आपण ज्याला गजकर्ण म्हणतो ते. म्हणजे मी चुकीच्या रोगावर, चुकीच्या कुत्र्याला, अगदी अचूक गणित करून औषध देणार होतो.

आता २०१४ पासून खरजेवर चालणाऱ्या नव्या गोळ्याही आल्या आहेत. फिट येणाऱ्या कुत्र्यांना त्या जपून द्याव्या लागतात. तेव्हा मंडळी, कुत्रा खाजवायला लागला तर आधी खरवड बघा, मग जात विचारा आणि औषध शेवटी. उरलेली बाटली मी डॉक्टरांना परत देऊन आलो. एक्सेल फाइल मात्र ठेवली आहे, स्वतःला आठवण म्हणून.