पन्हाळ्यावरून विशाळगड

कोल्हापूरकरांची गडफेरी बहुधा पन्हाळ्यावरच संपते. तीन दरवाजा, अंबारखाना, मग झुणका-भाकर आणि परत. आम्हांस ही अर्धीच फेरी वाटते. मोटार हाताशी आहे तर एक दिवस विशाळगडापर्यंत जावे, आणि जावे ते पन्हाळ्यावरूनच.

मार्च १६६० मध्ये सिद्दी जौहरचा वेढा पडला तेव्हा शिवाजी महाराज या गडावर होते. अंबारखान्याच्या जाड भिंती पाहताना ध्यानी ठेवावे की, कोठारे होती तरी वेढा उठत नव्हता. बळकट गडच पिंजरा झाला होता. जुलैच्या १२ तारखेच्या रात्री, भर पावसात, महाराज बाहेर पडले. ती वाट मसाईच्या पठारावरून जाते. मोटारीने वाघबीळ, बांबवडे, मलकापूर असा वळसा पडतो. पहाटेच निघालेले बरे.

पांढरेपाणी गावाजवळ थांबून पावनखिंडीत उतरावे. येथे घाई करू नये. बाजीप्रभूंनी ही घोडखिंड अडवून धरली, हे शाळकरी पोरासही ठाऊक असते. पण पुढे विशाळगडाच्या पायथ्याशी सुर्वे-दळव्यांचाही वेढा होता, हे सहसा कोणी सांगत नाही. तो फोडून वर पोचायचे होते. खिंडीतला एकेक घटका वेळ त्यासाठी हवा होता.

विशाळगडावर बाजी आणि फुलाजी या बंधूंच्या समाधी आहेत. परतताना पन्हाळा न चढता मलकापूरहून सरळ कोल्हापूर गाठावे.

२०२५ मध्ये पन्हाळा जागतिक वारशाच्या यादीत गेला; विशाळगड त्यात नाही. आणि १६६० च्या सप्टेंबरात जौहरला सोडून द्यावा लागला तो पन्हाळाच. तो परत आला १६७३ मध्ये.