कड्यावर चढणारा आणि खाली उभा राहणारा

#थ्रेड

१/
गेल्या हिवाळ्यात आयुष्यात प्रथमच प्रस्तरारोहण केले, आणि तेही समुद्रकाठी. सोबत सहा जण होते. त्यांच्यातील एकालाही मी त्यापूर्वी प्रत्यक्ष भेटलो नव्हतो. इतिहासवाचनातून ओळख झाली, एवढेच. स्थळ होते रायगड जिल्ह्यातील मुरुडचा किनारा. त्या चार दिवसांत जंजिऱ्याच्या इतिहासातील एक रात्र मला नव्याने समजली. तिच्याविषयी हा धागा.

२/
मी यवतमाळ जिल्ह्यातला. धामणगावहून रात्रीची रेल्वे धरली की सकाळी मुंबई आणि तिथून पुढे कोकण. समुद्र आमच्यापासून दूर, पण तिथला काळा कातळ मात्र अनोळखी नव्हता. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर पसरले. त्याच घडामोडीतून सह्याद्रीचे कडे घडले आणि आमच्या कापसाच्या काळ्या जमिनीखालचा दगडही. वणी-पांढरकवडा परिसरातील शिबला गावाजवळचे स्तंभाकृती बेसाल्ट २०२१ मध्ये बातम्यांतून सर्वांना ठाऊक झाले. लाव्हा थंड होताना आकसतो, तडकतो आणि त्याचे असे खांब बनतात.

३/
ज्या कातळावर आम्ही चढणार होतो त्याची उंची जेमतेम चाळीस फूट. खालून तो किरकोळ वाटला. पंधरा फुटांवर गेल्यावर कळले की पायाखाली फक्त बोटभर रुंदीची खाच आहे आणि हात थरथरत आहेत. अशा वेळी सारा भरवसा दोरावर असतो. दोराचे एक टोक आपल्या कमरेला. तो वरच्या आधारातून फिरून खाली उभ्या असलेल्या साथीदाराच्या हातात जातो. आपण जसजसे वर जातो तसतसा तो ढिला दोर ओढून घेतो आणि आपण घसरलो तर रोखून धरतो. गिर्यारोहकांच्या भाषेत याला ‘बिले देणे’ म्हणतात.

४/
माझा दोर जिच्या हातात होता तिची आणि माझी ओळख दोन दिवसांची. पंचवीस फुटांवर माझा पाय निसटला. क्षणभर पोटात खड्डा पडला, मग कमरेला हिसका बसला आणि मी हवेत लोंबकळत राहिलो. खालून शांत आवाज आला, ‘धरलंय. घाई करू नकोस.’ या तीन-चार शब्दांचे मोल मला दुसऱ्या दिवशी जंजिऱ्याच्या तटाखाली उमगले.

५/
आधी थोडी पार्श्वभूमी. छंद म्हणून कडे चढणे ही तुलनेने अलीकडची गोष्ट. लंडनमध्ये ‘अल्पाइन क्लब’ १८५७ साली स्थापन झाला; मुंबईत ‘गिरिविहार’ १९५४ साली. टोकियो ऑलिंपिकमध्ये या खेळाला प्रथमच स्थान मिळाले. त्याआधी शतकानुशतके माणसे कडे चढत होती ती मधासाठी, गुरांमागे किंवा युद्धासाठी. त्यांच्याजवळ लवचीक नायलॉनचा दोर नव्हता. काथ्याचा, तागाचा किंवा आमच्याकडे असतो तसा अंबाडीचा दोर ताण घेतो, पण पडणाऱ्याचा हिसका पचवत नाही. तेव्हा नियम एकच होता : पडायचे नाही.

६/
युद्धासाठी कडा चढण्याचे आपल्याकडील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे सिंहगड, फेब्रुवारी १६७०. यशवंती घोरपडीची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. ती पोवाड्यातून लोकप्रिय झाली. परंतु सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या सभासदाच्या बखरीत घोरपड नाही. तिथे आहेत दोन निवडक मावळे. ते रात्री वानरासारखे कडा चढून जातात, वरून माळ, म्हणजे दोराची शिडी लावतात आणि मग तानाजी मालुसरे तीनशे माणसांसह वर पोहोचतात.

७/
त्या दोघा मावळ्यांची नावे सभासद देत नाही. आजच्या भाषेत ते त्या चढाईचे आघाडीचे आरोहक होते. विना-दोर, काळोखात, शत्रूच्या पहाऱ्याखाली. कदाचित म्हणूनच लोकस्मृतीने त्यांच्या जागी घोरपड आणली असावी. निनावी माणसापेक्षा नाव असलेला प्राणी लक्षात ठेवणे सोपे.

८/
आता जंजिरा. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीने निघालो की किल्ल्याचा मुख्य दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसतच नाही. तट थेट पाण्यातून उठलेले, सुमारे चाळीस फूट उंच. आदल्या दिवशीच्या माझ्या कातळाएवढेच! फरक हा की माझ्या कातळाखाली पाय रोवायला जमीन होती. इथे खाली लाटा, शेवाळलेले खडक आणि हलणारी होडी. शिडी लावायची तरी कशावर टेकवून?

९/
सिद्दीचा हा जलदुर्ग घेण्यासाठी शिवाजी महाराजांनी दीर्घकाळ प्रयत्न केले. त्याच्या समोरच, समुद्रातील कासा बेटावर त्यांनी पद्मदुर्ग उभारला. १६७६ साली मोरोपंत पिंगळे यांच्याकडे मोठी मोहीम सोपवण्यात आली. बखरीतील लाय पाटलांची हकिगत याच मोहिमेतली.

१०/
लाय पाटील हे याच किनाऱ्यावरचे कोळी. बेत असा की त्यांनी आपल्या माणसांसह रात्री होड्यांतून गुपचूप तटाशी जायचे, शिड्या लावायच्या आणि मागून मोरोपंतांच्या निवडक तुकडीने त्यांवरून आत उतरायचे. लाय पाटलांनी आपले काम चोख केले. तोफा रोखलेल्या तटाला, सिद्दीच्या पहारेकऱ्यांना सुगावा लागू न देता शिड्या लागल्या. आणि मग ते वाट पाहत राहिले.

११/
कोणीही आले नाही. ठरलेली तुकडी वेळेवर पोहोचली नाही. पूर्वेला उजाडू लागले. उजेडात त्या होड्या आणि शिड्या दिसल्या असत्या तर एकही माणूस परतला नसता. अखेर लाय पाटलांनी लावलेल्या शिड्या काढल्या आणि ते माघारी फिरले. त्या वर्षाच्या अखेरीस वेढाही उठला. पुढे संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये खाडीत भराव घालून किल्ल्यापर्यंत वाट करण्याचा प्रयत्न केला, तरी जंजिरा अजिंक्यच राहिला. सिद्दींचे संस्थान विलीन झाले ते थेट १९४८ साली.

१२/
इथे समुद्राचे गणित लक्षात घ्या. भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटे पुढे सरकते. ज्या पाण्यावर आज मध्यरात्री होडी तटाशी स्थिर राहील, ते उद्या त्याच घटकेला तसे नसेल. चांदणे, पाणी, पहाऱ्याची पाळी हे सारे जुळण्याची एक रात्र हुकली की ती पुन्हा सहज मिळत नाही. डोंगरी किल्ल्याखाली मदतीला उशीर झाला तर झाडीत दबा धरता येतो. समुद्रात आडोसाच नाही.

१३/
म्हणजे सिंहगडावर आणि जंजिऱ्यावर चढाईचा अवघड भाग दोन्हीकडे यशस्वी झाला होता. एकीकडे माळ लागताच मागची माणसे आली. दुसरीकडे शिड्या लागल्या, पण मागे कोणी नव्हते. आपण मोहिमांचा इतिहास शौर्याच्या मापाने वाचतो. पण शौर्य दोन्ही ठिकाणी सारखेच होते. निकाल ठरला तो खालच्या माणसांवरून.

१४/
महाराजांना ही गोष्ट पुरेपूर ठाऊक होती. प्रभावळीचे सुभेदार जिवाजी विनायक यांना लिहिलेले त्यांचे पत्र प्रसिद्ध आहे. दौलतखान आणि दर्यासारंग यांच्या आरमाराला ठरलेली रसद व पैसा सुभेदारांनी पोहोचवला नाही, त्यामुळे पद्मदुर्ग अडचणीत आला. पत्रातील संताप जळजळीत आहे. असा चाकर कोणीही असो, त्याची गय केली जाणार नाही, हा त्याचा आशय. लढणाऱ्याचा दोर मागच्या माणसाने सोडला, हाच तो गुन्हा.

१५/
आणि लाय पाटील? मोहीम फसली, तरी महाराजांनी त्यांना पालखीचा मान देऊ केला. बखर सांगते, पाटलांनी तो नम्रपणे नाकारला : आम्ही दर्यावर फिरणारे कोळी, पालखीत बसून काय करू? तेव्हा महाराजांनी त्यांना एक गलबत बांधून दिले आणि त्याचे नावच ‘पालखी’ ठेवले. बखरी घटनेनंतर बऱ्याच काळाने लिहिल्या गेल्या, त्यामुळे संवाद शब्दशः घेऊ नयेत. पण फसलेल्या मोहिमेतही ज्याने आपला वाटा पुरा केला त्याचा सन्मान व्हावा, ही भावना त्या कथेने जपली आहे, हे महत्त्वाचे.

१६/
परतीच्या होडीत आम्ही सातही जण गप्प होतो. किनाऱ्याला लागल्यावर पुन्हा त्या कातळाकडे गेलो. या वेळी चढण्याची पाळी माझ्या त्या मैत्रिणीची होती आणि दोर माझ्या हातात. वीस मिनिटे मी मान वर करून उभा होतो. मान अवघडली, तळहात ओले झाले, डास चावत होते. नजर हलवली नाही. ती वर पोहोचली तेव्हा सगळ्यांनी तिचे छायाचित्र काढले. त्यात मी नाही, आणि ते योग्यच आहे.

१७/
पुढच्या वेळी एखाद्या किल्ल्याचा तट पाहाल तेव्हा ‘वर कोण चढले’ याबरोबर ‘खाली कोण उभे होते’ हेही विचारा. शिडी वाहून आणणारा, होडी स्थिर धरणारा, रसद पोहोचवणारा. आणि ठरलेल्या वेळी न आलेलाही. आपल्या गावाकडच्या गडकिल्ल्यांविषयी अशी एखादी हकिगत ठाऊक असेल तर खाली जरूर लिहा. कोणत्या साधनात आहे तेही सांगा.

(समाप्त)