छायाचित्रांतील विमानांची ओळख : एक साधनचिकित्सा

ताम्रपट, सनदा आणि मोडी दफ्तरें यांच्या पंक्तीस जुन्या विमानांचीं छायाचित्रें आणून बसविणें या त्रैमासिकाच्या कित्येक वाचकांस मर्यादाभंग वाटेल. तथापि एका चुकीच्या टिपणामुळें मला हा विषय घ्यावा लागत आहे, आणि ती चूक माझी स्वतःचीच आहे.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें आपल्या आजोबांचा छायाचित्रसंग्रह कालानुक्रमें लावून देण्यासाठीं मजकडे आणला. आजोबा राजपुतान्यांत नोकरीस होते व १९२९ च्या उन्हाळ्यांत एकदां विलायतेस जाऊन आले होते. त्यांतील एका छायाचित्रांत पाण्यावर बसलेलें, एकावर एक असे दोन पंख असलेलें आणि त्या पंखांच्या मध्यें तीन इंजिनें ठेवलेलें एक विमान होतें. पाठीमागें पेन्सिलीनें ‘कलकत्ता’ एवढाच शब्द. मीं लागलीच ‘हुगळी नदी, अदमासें १९३०’ अशी नोंद करून टाकली.

विद्यार्थ्याच्या पुतण्यास अप्रसिद्ध जुनीं विमानें ओळखण्याचा नाद आहे. त्यानें तें छायाचित्र हातीं घेतलें व मोठ्या अदबीनें सांगितलें कीं, ‘कलकत्ता’ हें येथें गांवाचें नांव नसून विमानाचें आहे. इंग्लंडांतील शॉर्ट बंधूंच्या कारखान्यानें १९२८ सालीं ही फ्लाइंग बोट प्रथम उडविली. मार्च १९२९ च्या अखेरीस इंपीरियल एअरवेजची लंडन-कराची टपाल सुरू झाली, तेव्हां प्रवासी बेसलपर्यंत विमानानें, तेथून जिनोआपर्यंत आगगाडीनें, जिनोआहून अलेक्झांड्रियापर्यंत या ‘कलकत्ता’ बोटींनीं आणि पुढें दुसऱ्या विमानानें कराचीस येत. म्हणजे त्या टपालाच्या मार्गावर ‘कलकत्ता’ भूमध्यसमुद्र ओलांडून इकडे येतच नव्हती! आजोबांच्या विलायतेच्या वाटेशीं हें तंतोतंत जुळतें. माझी हुगळी मला खोडावी लागली.

फ्लाइंग बोट म्हणजे जिचें धडच नौकेसारखें पाण्यावर टेकतें ती. खालीं तरंगते पाय बसविलेलें सी-प्लेन तें वेगळें. या मंडळींचा खेळ असा कीं, एकानें नांवगांव नसलेलें छायाचित्र पुढें टाकावें आणि इतरांनीं विमानाचा प्रकार, कारखाना व वर्ष सांगावें. विमान जितकें अप्रसिद्ध तितकी मौज अधिक. १९२१ सालीं इटलींतील माज्जोरे सरोवरावर मोडलेलें कॅप्रोनीचें नऊ पंखांचें राक्षसी विमान ओळखणारास येथें कोणी मान देत नाहीं. तें फारच सोपें. खरी परीक्षा एका कुळांतील भावंडांची. फ्रान्सांतील ब्रेगे कारखान्यानें ‘कलकत्ता’ बांधण्याचा परवाना घेतला व पुढें तिच्यापासूनच ‘बिझर्ट’ ही बोट काढली. दोघी शेजारीं ठेवल्या म्हणजे पाठभेद लावणाऱ्यास ओळखीचें दृश्य दिसतें: मूळ पोथी एक, नकलाकार परका, आणि वैमानिकांची बैठक कांचेनें झांकण्यासारख्या त्यानें आपल्या बुद्धीनें सुधारलेल्या जागा.

हा नाद केवळ रिकामपणाचा नव्हे. ६ सप्टेंबर १९३९ रोजीं, युद्ध पुकारून तीनच दिवस झाले असतां, ब्रिटिश स्पिटफायर विमानांनीं आपल्याच बाजूचीं दोन हरिकेन विमानें शत्रूचीं समजून पाडलीं. मॉन्टेग्यू हल्टन-हॅरप हा तरुण वैमानिक त्यांत ठार झाला. त्या युद्धांत प्राणास मुकलेला तो पहिला ब्रिटिश लढाऊ वैमानिक, आणि तो स्वकीयांच्या गोळ्यांनीं! गोळ्या झाडणारे दोघे लष्करी न्यायालयापुढें निर्दोष ठरले. दोष एकट्या डोळ्यांचा नव्हता, नियंत्रणाचाही होता. पण विमान ओळखण्याची विद्या लोकांस शिकविली पाहिजे हें उघड झालें. १९४१ सालीं ‘एरोप्लेन स्पॉटर’ हें पत्र याच कामासाठीं निघालें व त्यांतील ओळखीचीं कोडीं सोडविण्याचें वेड शाळकरी मुलांसही लागलें. तें पत्र १९४८ सालीं बंद पडलें; त्याच वर्षीं तिकडे एअर-ब्रिटन ही हौशी अभ्यासकांची संस्था उभी राहिली. विमानांच्या नोंदणीच्या याद्या ती आपल्या संस्था शकावल्या छापतात तितक्याच निष्ठेनें छापते.

ओळखावें कसें, याविषयीं युद्धकालीं अमेरिकेंत एक वाद झाला. जुनी रीत अवयवांची: पंख, इंजिन, धड, शेंपूट या क्रमानें पाहावें. शिपाई या चार शब्दांच्या आद्याक्षरांचा ‘दर वेळीं चूक’ असा विस्तार करून थट्टा करीत. सॅम्युएल रेनशॉ या ओहायोच्या मानसशास्त्रज्ञानें १९४२ पासून नौदलास दुसरी रीत शिकविली: पडद्यावर छायाकृति निमिषमात्र चमकवावी व ती समग्रच ओळखावयास लावावी. अवयवी हा अवयवांहून निराळा असें नैयायिक म्हणतात, बौद्ध तें मानीत नाहींत. हा वाद मी वर्गांत सांगूं लागलों म्हणजे मुलें पेंगत. तोफांच्या धुरांत तो पुन्हां उपस्थित झाला असें कळतें तर कदाचित् जागीं राहिलीं असतीं. माझें मत असें कीं, आकाशांतील शत्रूस रेनशॉची रीत बरी. दफ्तरांतील छायाचित्रास मात्र अवयवच मोजले पाहिजेत, कारण तेथें घाईचें कांहीं कारण नसतें. मीं दोन्ही केलें नव्हतें. केवळ पाठीवरची पेन्सिल वाचली होती.

संग्रहांतील दुसऱ्या छायाचित्राच्या पाठीवर निराळ्या हातानें, निराळ्या शाईनें ‘चिलका’ असें लिहिलें आहे. सरोवरांत चार इंजिनांची, एकाच उंच पंखाची मोठी बोट उभी. पुतण्याच्या मित्रमंडळींत दोन पक्ष पडले: शॉर्टची ‘एंपायर’ बोट, कीं तिची लष्करी बहीण ‘संडरलंड’? शेपटाशीं तोफेचा घुमट नाहीं, हें पुरेसें नव्हतें. कारण युद्धानंतर तोफा काढलेल्या संडरलंड बोटीही प्रवासी घेऊन कराची व कलकत्ता येथें उतरत. शेवटीं पंखांनीं निर्णय दिला. संडरलंडचे पंख किंचित् मागें झुकलेले असतात, या बोटीचे नाहींत. शिवाय युद्ध सुरू झाल्यावर ब्रिटिश मुलकी विमानांच्या नोंदणी-अक्षरांखालीं तांबडा, पांढरा व निळा असे पट्टे ओढीत. येथें ते नाहींत. म्हणजे ही ‘एंपायर’ आणि छायाचित्र सप्टेंबर १९३९ पूर्वींचें. अक्षरवटिकेवरून लेखाचा काळ ठरवितात तोच हा प्रकार.

स्थळ मात्र त्यांपैकीं कोणास लागेना. तें मला लागलें. बोटीच्या मागें पाण्यांत उतरणाऱ्या संगमरवरी पायऱ्या, कोरीव मंडप व एक तोरण अंधुक दिसतें. ती मेवाडांतील राजसमंद सरोवराची नौचौकी होय. महाराणा राजसिंहानें बांधविलेल्या या तलावाच्या कांठीं रणछोड भट्टाचें ‘राजप्रशस्ति’ महाकाव्य पंचवीस शिलांवर कोरलेलें आहे. त्याच्या ठशांवर माझीं कित्येक वर्षें गेलीं. ‘एंपायर’ बोटी कराचीहून निघून राजसमंद, ग्वाल्हेर व अलाहाबाद येथें उतरत कलकत्त्यास जात. चिलका सरोवर त्या वाटेवर नव्हतें. ही वाहतूक १९३८ च्या सुमारास सुरू झाली, तेव्हां छायाचित्राचा काळ १९३८-३९ असा ठरतो. आजोबा त्या सालीं उदयपुरास होते, असें त्यांच्या नोकरीच्या कागदांवरून दिसतें.

दोन्ही छायाचित्रांवरील मूळ शब्द मीं खोडलेले नाहींत; खालीं नवी नोंद तारीख घालून केली आहे. वाचकांपैकीं कोणाच्या घरीं राजसमंद अथवा शिंद्यांच्या ग्वाल्हेरीस उतरलेल्या बोटींचीं छायाचित्रें असतील, तर त्यांनीं तीं दोन्ही बाजूंच्या नकला करून त्रैमासिकाच्या पत्त्यावर पाठवावीं.